मार्क कमी पडले म्हणून नव्हे

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. मुलुंडला आमच्या गल्लीतील एका सोसायटीच्या फाटकाजवळचा गुलमोहर पहिल्याच मोठ्या पावसात उन्मळून पडला. सुदैवाने खाली कोणी नव्हते. एका रिक्षाचे टप तेवढे चेपले. माझी सारी नोकरी झाडांमध्ये गेली, हे गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे 'जरा येऊन बघता का?' असा निरोप आला.

मुळांकडे पाहिल्यावर कारण लपून राहिले नाही. रस्त्याकडच्या अंगाची मुळे करवतीने कापावीत तशी एका सरळ रेषेत तुटलेली होती. दोन-तीन वर्षांपूर्वी तेथे केबलसाठी चर खणला होता, तो नेमका त्याच रेषेत. तुटलेली टोके काळी पडून कुजून गेली होती. इमारतीकडच्या अंगाला फरशी थेट बुंध्याला टेकवून बसवलेली. तिकडची मुळे खोल न जाता फरशीखालीच वळसे घेत राहिली होती. त्यात भर म्हणून मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी झाली होती. खिडक्यांना अडतात म्हणून इमारतीकडच्या फांद्या उतरवल्या आणि रस्त्याकडचा सगळा भार तसाच ठेवला. एका अंगाला आधार नाही, दुसऱ्या अंगाला खोली नाही आणि वजन मात्र एकाच बाजूला. जूनमध्ये माती भिजून सैल झाली आणि वाऱ्याच्या एका झोताने उरलेले काम केले.

हे मी जमलेल्या मंडळींना सांगत होतो, तेव्हा नववीतली एक मुलगी म्हणाली, "आजोबा, चर खणायच्या आधी कोणाला विचारलं नव्हतं का?" मी म्हणालो, "विचारणार कोणाला? तूच शीक उद्यानविद्या, म्हणजे पुढच्या वेळी तुला विचारतील." तिचे वडील शेजारीच उभे होते. ते हसून म्हणाले, "आधी बारावी तर होऊ दे, काका. मार्क कमी पडले तर आहेच की शेतकीची लाइन!"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. हा लेख म्हणजे त्या हसण्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेक जण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांत राहतात. झाडे लावून पोट भरायचे म्हणजे गावाला जमीन हवी, बैल हवेत, निदान कोकणात आजोबांची वाडी हवी, अशी तुमची समजूत असते. ती चुकीची आहे. फळझाडे, भाजीपाला, फुले, मसाल्याची पिके, शोभेची झाडे आणि उद्यानांची रचना ह्या सर्वांचे शास्त्र म्हणजे उद्यानविद्या. ह्या शास्त्राला जमीन लागते हे खरे, पण ती तुमच्या मालकीची असावी लागत नाही. वैद्याला स्वतःचे रोगी असावे लागतात काय?

आणि उपनगरांना तर हे काम परके नाहीच. आज जेथे तुमच्या इमारती उभ्या आहेत तेथे दोन-तीन पिढ्यांपूर्वी वाड्या होत्या. नावांत अजून 'वाडी' शिल्लक आहे. आंबा, फणस, भाजीचे वाफे गेले. वसईच्या पट्ट्यात केळी आणि फुलांच्या वाड्या अजून तग धरून आहेत, गोराईकडे भाजी पिकते, आरे वसाहतीतल्या पाड्यांवर वारली कुटुंबे पावसाळ्यात भाज्या लावतात. लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेला पालक, माठ, मुळा ह्यांचे हिरवेगार वाफे दिसत, ते तुमच्या आईवडिलांनी हमखास पाहिलेले असतील. 'अधिक धान्य पिकवा' ह्या योजनेखाली रेल्वे ती जमीन कामगारांना कसायला देई. त्या भाजीला गटाराचे पाणी मिळे, ही गोष्ट वेगळी आणि वाईट. पण रुळांमधल्या खडीशेजारीही पीक काढता येते हे तिने लाखो प्रवाशांना दाखवले.

'माळी' ह्या शब्दाबद्दलही येथेच बोलून टाकतो. पदवीधर मुले मला सांगतात, "सर, आम्ही हॉर्टिकल्चरिस्ट आहोत, माळी नव्हे." हे ऐकून मला वाईट वाटते. सावता महाराजांनी जो शब्द आपल्या नावापुढे मिरवला, त्याची आपल्याला लाज वाटावी काय? माझ्या अनुभवात ज्या पदवीधरांनी पहिली दोन वर्षे माळ्याच्या हाताखाली काढली, तेच पुढे कामाचे निघाले. बाकीचे अहवाल चांगले लिहितात.

हाताखाली शिकायचे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. तुम्ही मे महिन्यात हापूस खाता आणि कोय फेकून देता. ती रुजवली तर झाड येईल, पण हापूस येईलच असे नाही, बहुधा येणारच नाही. कारण हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून, म्हणजे दोन पालकांच्या गुणांच्या सरमिसळीतून तयार होतो. काही आंब्यांच्या कोयीतून तीन-चार रोपे निघतात. त्यांतली बरीचशी आईच्याच पेशींपासून झालेली असल्यामुळे तिच्यासारखीच निपजतात. हापूसचे तसे नाही. म्हणून हापूसचे प्रत्येक झाड हे कलम असते. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात आंब्यावर कलमे बांधण्याला जोर आला आणि तेथूनच हापूस कोकणात पसरला. म्हणजे आज देवगडला जो हापूस आहे, तो चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या कोणा एका झाडाचाच वाढत गेलेला तुकडा म्हणायला हरकत नाही.

कोकणात आता सर्रास होते ते कोय कलम. जून-जुलैमध्ये ताज्या कोयी रुजत घालतात. दहा-पंधरा दिवसांचे रोप, ज्याची पाने अजून तांबूस आणि देठ कोवळा आहे, ते खुंट म्हणून घेतात. त्याचा शेंडा छाटून देठाला मधोमध उभी चीर देतात. हापूसच्या चांगल्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी आणतात. ह्या काडीची पाने आठ-दहा दिवस आधीच देठ ठेवून कापलेली असतात, म्हणजे डोळे फुगून तयार असतात. काडीच्या बुडाला पाचरीसारखा आकार देऊन ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची.

वाचायला दोन मिनिटे लागली. आता ह्यातले शास्त्र पाहा. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढणाऱ्या पेशींचा एक अगदी पातळ थर असतो. त्याला ऊतककर म्हणतात. खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांना भिडला तरच नव्या पेशी तयार होऊन जोड धरतो. काडी बारीक आणि खुंट जाड असेल तर काडी मधोमध बसवून चालत नाही, एका कडेला सारावी लागते, म्हणजे निदान एका बाजूचे थर जुळतात. काप एकाच ओढीत, गुळगुळीत यावा लागतो. चाकू दोनदा फिरला की पृष्ठभाग खडबडीत होतो, मध्ये हवा राहते आणि बुरशीला घर मिळते. जुलै-ऑगस्टची दमट हवा लागते, कारण जोड धरेपर्यंत काडीला पाणी पुरवणारे मूळच नसते. हे सगळे मी तुम्हाला अर्ध्या तासात समजावीन, फळ्यावर आकृतीही काढीन. पण रोपवाटिकेतला मुरलेला कलम बांधणारा, ज्याने 'ऊतककर' हा शब्द कधी ऐकलेला नाही, तो दिवसाला शंभर-दीडशे कलमे बांधतो आणि त्याची बहुतेक जगतात. मी पहिल्या वर्षी बांधलेल्या चाळीसपैकी सहा जगली होती.

ह्याचा अर्थ पुस्तकी ज्ञान वाया गेले असा नाही. कलम का मेले ते त्या कारागिराला नेहमीच सांगता येत नाही. आणि नवी जात तर नुसत्या हातकौशल्याने निर्माण होत नाही. हापूसच्या दोन खोडी प्रसिद्ध आहेत. तो साधारणतः एक वर्षाआड भरघोस फळतो, आणि त्याच्या गरात साका होतो. साका म्हणजे पिकलेल्या फळात कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग. बाहेरून फळ निर्दोष दिसते, कापल्यावरच कळते, म्हणून व्यापारी त्याला फार भितात. झाडावर असतानाच फळातली कोय आतल्या आत रुजण्याच्या तयारीला लागते आणि त्यातून गर बिघडतो, असे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील संशोधकांनी ह्या खोडींवर दुसऱ्या वाटेने उपाय शोधला. दक्षिणेकडचा नीलम दरवर्षी नेमाने फळतो. नीलम आणि हापूस ह्यांचा संकर करून त्यांनी 'रत्ना' ही जात काढली. ती १९८१ साली प्रसारित झाली. तिच्यात साका नाही. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 'सिंधू' आली, १९९२ साली. तिची कोय इतकी पातळ असते की फळ जवळजवळ बिनकोयीचेच वाटावे.

दोन तारखांमधले अंतर मोजा. आंब्याच्या मोहोरातील एकेक बारीक फूल चिमट्याने धरून परागीकरण करायचे, शेकडो फुलांतून थोडीशी फळे टिकतात, त्यांच्या कोयी रुजवायच्या, झाड फळावर येईपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहायची, मग आणखी काही वर्षे फळे तोलायची, चाखायची, मोजायची. एवढे करून रत्नाने बाजारातून हापूसला हटवले का? नाही. गिऱ्हाइकाच्या जिभेवर हापूसच बसलेला आहे. ज्या माणसाला दर शनिवारी निकाल हवा असतो त्याने ह्या शास्त्राच्या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो.

घरच्याच अंगणातले एक उदाहरण आहे. घाटकोपरहून जवळच, तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणुभट्ट्यांसाठी ते सर्वांना माहीत आहे. पण तेथे बियांवर किरणांचा मारा करून, त्यांतून निघालेल्या हजारो रोपांतून कामाचे वेगळेपण हुडकून पिकांच्या नव्या जाती काढण्याचे काम अनेक दशके चालू आहे. १९७३ साली प्रसारित झालेली भुईमुगाची 'टीजी-१' आणि १९९१ सालची 'टीएजी-२४' ह्या तिथल्याच. (भुईमूग काही बागेतले पीक नव्हे, हे मला मान्य आहे; पण विद्या तीच.) नाशिक जिल्ह्यात लासलगावला ह्याच केंद्राचा किरणोपचार प्रकल्प आहे. कोयीत दडून बसणाऱ्या भुंग्याच्या भीतीने अमेरिकेने आपल्या आंब्याला दार बंद केले होते. किरणोपचारामुळे तो भुंगा निरुपद्रवी होतो. २००७ पासून आंबा पुन्हा तिकडे जाऊ लागला. फळ पिकवणारा, कीटकशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ हे तिघेही त्या एका पेटीमागे उभे आहेत. 'शेतकीची लाइन' म्हणताना ही मंडळी कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत.

आता पुन्हा पडलेल्या गुलमोहराकडे येऊ, कारण माझ्या मते उपनगरातल्या मुलामुलींसाठी खरे काम तेथे आहे.

महापालिकेच्या २०१८ च्या वृक्षगणनेनुसार मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे आहेत. त्यांतला गुलमोहर मूळचा मादागास्करचा, वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेतला. परके म्हणून त्यांना हाकलावे असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या सवयी जाणून घ्यायला हव्यात. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ. वर्षावृक्षाचा विस्तार अफाट. गेल्या दशकात पिठ्या ढेकूण लागून आपल्या शहरातले कितीतरी वर्षावृक्ष उभ्या उभ्या वाळले. सांताक्रूझच्या वेधशाळेवर जून ते सप्टेंबरमध्ये सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि नंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. जुलैमध्ये ज्या मुळांना पाण्यात गुदमरावे लागते, तीच एप्रिलमध्ये तहानेने तडफडतात. भांडुप-मुलुंडला डोंगराच्या पायथ्याचा मुरूम, तर मालाड-गोराईकडे खाडीची खारट जमीन. म्हणजे अंधेरीत जगलेले झाड गोराईत जगेलच असे नाही.

झाड कापण्याचेही शास्त्र आहे. फांदी खोडाला मिळते तेथे अंगठीसारखा एक फुगवटा दिसतो, शाळेच्या आवारातल्या कोणत्याही झाडावर पाहा. त्या फुगवट्याच्या किंचित बाहेर कापले तर झाड तेथे हळूहळू नवी कड धरते. तो फुगवटाच खोडालगत तासून काढला, किंवा हातभर खुंट ठेवला, तर कूज आत शिरते. अमेरिकेतील अ‍ॅलेक्स शिगो ह्या शास्त्रज्ञाने हजारो खोडे उभी चिरून दाखवले की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग भिंत घालून वेगळा करते आणि त्याच्याभोवती पुढे वाढते. म्हणजे आपण चुकीचे कापतो तेव्हा झाडाला भिंत घालायला जागाच ठेवत नाही. जड फांदी उतरवताना पहिला काप खालून, थोडा लांब द्यायचा, दुसरा त्याच्याही बाहेर वरून, आणि उरलेला खुंट शेवटी. नाहीतर फांदी कोसळताना खोडाची साल फाडत नेते. हे तीन काप शिकवायला एक सकाळ पुरते. तरीही मे महिन्यात गल्लीगल्लीत जे चालते ते पाहून वाटते, की झाडे कापणारे हात मोजावेत आणि त्यांतल्या किती जणांना ती सकाळ मिळाली तेही मोजावे.

कायदा नाही असे नाही. झाडांच्या जतनासाठी महाराष्ट्राने १९७५ सालीच नागरी क्षेत्रांपुरता कायदा केला; त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असते आणि परवानगीशिवाय झाड तोडणे हा गुन्हा ठरतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना 'वारसा वृक्ष' हा दर्जा दिला. तोडलेल्या झाडाचे वय जितके वर्षे, तितकी नवी झाडे लावायची असेही ठरले. छान. पण झाडाचे वय सांगणार कोण? नवी झाडे कोठे, कोणत्या जातीची, किती अंतरावर लावायची? आणि चौथ्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांतली किती जिवंत आहेत ते पाहणार कोण? कागदावरचे प्रत्येक कलम अखेर एका माणसाच्या निर्णयाशी येऊन थांबते. त्या माणसाला शास्त्र येत असले पाहिजे, आणि नाही म्हणण्याची हिंमतही पाहिजे.

ह्या हिंमतीचा एक प्रसंग माझ्याच आयुष्यातला आहे. तरुणपणी एका ठिकाणी मला सांगण्यात आले, की आवारातले एक भलेमोठे झाड धोकादायक आहे असे लिहून द्या. झाड ठणठणीत होते. गाड्या लावायला जागा हवी होती, एवढेच. मी लिहून दिले नाही. पण तोंड उघडून विरोधही केला नाही. 'पुन्हा तपासणी करावी' असा गुळमुळीत शेरा मारला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते झाड आपोआप वाळले. बुंध्याशी गिरमिटाने पाडलेली भोके मी नंतर पाहिली. अजूनही तेथून जाताना मी दुसऱ्या फूटपाथने जातो.

गच्चीवरच्या बागांची सध्या हौस आहे, त्याबद्दल थोडेसे. ओली माती किती जड असते ह्याचा अंदाज करा. एक घनमीटर भिजलेली माती सोळाशे-सतराशे किलो भरते. तीस सेंटिमीटर जाडीचा थर दिला तर एका चौरस मीटरवर पाचशे किलो भार आला. सर्वसाधारण गच्ची माणसांच्या वावरासाठी दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशेबाने बांधतात. म्हणजे हौसेने पसरलेली बाग वरच्या मजल्याच्या डोक्यावर तिप्पट ओझे ठेवते. म्हणून नारळाच्या काथ्याचा भुसा, पालापाचोळ्याचे खत अशी हलकी माध्यमे वापरायची, जड कुंड्या तुळयांवर ठेवायच्या, आणि मुख्य म्हणजे आधी इंजिनियरला विचारायचे. बारावीला गणित सोडून देऊन 'मला झाडे आवडतात' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

शिक्षणाची वाट सांगतो. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांच्या महाविद्यालयांतून उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी मिळते. बारावी विज्ञान शाखेतून करावी लागते आणि राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ज्यांना एवढे शिकणे शक्य नाही त्यांच्यासाठी आयटीआयचा बागकामाचा अभ्यासक्रम असतो. त्याला मी कमी लेखत नाही. पुढे कामे तऱ्हेतऱ्हेची आहेत: महापालिकेच्या उद्यान खात्यात वॉर्डावॉर्डांतून उद्यानविद्या सहायक असतात, राज्य सेवा परीक्षेतून कृषी खात्यात जाता येते, बँकांना कृषी अधिकारी लागतात. ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळा, रोपवाटिका, निर्यातीची पॅकिंग केंद्रे, उद्यानरचनेच्या कंपन्या आहेत. पैसा? सुरुवातीला बेताचाच. कंत्राटदाराकडे राबणाऱ्या नव्या पदवीधराचा पगार संगणकाच्या कंपनीत जाणाऱ्या मित्रापेक्षा पुष्कळ कमी असतो, आणि पावसाळ्यात रविवार असा नसतोच. औषधे फवारताना तोंडाला फडके न बांधणारे सहकारी भेटतील, त्यांच्याशी रोज भांडावे लागेल. स्वतःची रोपवाटिका काढणारे पाच-सात वर्षांनी चांगले कमावतात, पण ती पाच-सात वर्षे घरच्यांनी सोसायची तयारी लागते.

आणखी एक गोष्ट पालकांनी ऐकावी. अर्धवट ज्ञानाचा माणूस ह्या धंद्यात फार नुकसान करतो. हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल हे संजीवक पावसाळ्यात मुळांशी देतात. ते पालवीची वाढ रोखते आणि झाडाला मोहोराकडे वळवते. झाडाच्या विस्ताराच्या मापाने ते द्यावे आणि सोबत खत वाढवावे असे शास्त्र सांगते. पण दोन-चार वर्षांसाठी बाग कराराने घेणारा कोणी मापाबाहेर ओततो, भरघोस पीक काढतो, आणि करार संपल्यावर मालकाच्या पदरी दमलेली झाडे टाकून निघून जातो. एवढी जोखमीची विद्या, आणि ती मार्क कमी पडलेल्यांनी घ्यावी म्हणतात! मार्क कमी पडले तर दुसरे काहीतरी करा. झाडाला तक्रार करता येत नाही, म्हणून त्याच्याकडे हुशार माणूस जायला हवा.

त्या नववीतल्या मुलीचे सांगायचे राहिले. गुलमोहर पडल्यावर आठवड्याने ती घरात खाल्लेल्या आंब्यांच्या बारा कोयी धुऊन घेऊन आली. आम्ही त्या तिच्या गॅलरीत काळ्या पिशव्यांत लावल्या, अकरा रुजल्या. बोरिवलीच्या माझ्या एका मित्राच्या आवारातील हापूसच्या काड्या मिळाल्या. कलमे तिनेच बांधली, मी फक्त चाकूला धार लावून दिली. महिनाअखेर तीन कलमांना तांबूस फूट आली, आठ गेली. तिने त्या आठही पट्ट्या सोडून पाहिल्या आणि वहीत नोंद केली: पाचांत पट्टी सैल राहून जोडात पाणी शिरले होते, दोनांत काडी खुंटापेक्षा बारीक असून मधोमध बसवली होती, एकाचे कारण समजले नाही. त्या एकाची काडी तिने जपून ठेवली आहे. शाळेतल्या बाईंकडे सूक्ष्मदर्शक आहे, त्याखाली आडवा काप घेऊन पाहायचे ठरले आहे.